व्हॉल्व्हचा वाटा

थोरल्याने वाटे लावायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं, ही त्यांच्याकडची रीत. परशूने रामनगरच्या घरात, सोप्यावर, दोन वाटे मांडले होते. खानापूरला बिऱ्हाड केलेला गुणा कमरेवर हात ठेवून बघत होता. त्यांची आई केशरबाई भिंतीला टेकून बसली होती. म्हातारीने पुढे कुठे राहायचं, तेही आजच ठरायचं होतं.

भांडी, कोयते, भात, सगळं सारखं झालं. स्टिरिओच्या दोन स्पीकरचीही ताटातूट झाली, एक इकडे, एक तिकडे.  नवरा होता तेव्हा एकातून टाळ आणि दुसऱ्यातून पखवाज ऐकायची केशरबाईला सवय.

उरले दोन अँप्लिफायर. एक काचेच्या व्हॉल्व्हचा, तिच्या नवऱ्याने गणेशगुडीला धरणावर कामाला असताना स्वतःच्या हाताने जोडलेला. तापायला वेळ घ्यायचा, पण आवाज कसा गोड! दुसरा परशूने बेळगावहून आणलेला ट्रान्झिस्टरचा, बटण दाबताच बोंबलणारा. गुणाचा जीव लहानपणापासून व्हॉल्व्हवर. ट्रान्झिस्टरला तो ‘कोरडा ठणाणा’ म्हणायचा. त्यावरून भावाभावांत कितीदा जुंपली होती.

परशूने व्हॉल्व्ह उचलून एका वाट्यात ठेवला आणि घसा खाकरला.

“ह्यो आबांचा सेट. आई ह्याच्यासंगं जाईल.”

केशरबाईला भरून आलं. या थोरल्याला आपण उगाच आपमतलबी म्हणत आलो. धाकट्याच्या आवडीची वस्तू आणि वर जन्मदात्री आईसुद्धा त्याच्या पदरात टाकायची, याला केवढं मन लागतं! तिने मनातल्या मनात लुगडी बांधायलाही घेतली.

गुणा वाकला. व्हॉल्व्हच्या काचेवरची धूळ त्याने बोटाने हळूच पुसली. मग दारात उभ्या असलेल्या बायकोकडे बघितलं आणि तो सरळ उभा राहिला.

“मला ट्रान्झिस्टरच बरा, दादा. ह्याचे व्हॉल्व्ह गेले तर आता कुटं मिळत न्हाईत. करंट बी लई खातो.”

केशरबाईला ते झोंबलं. पण रडायचं कशाला? मोठ्या मनाचा थोरला आहे की! तिने आशेने त्याच्याकडे पाहिलं.

परशूचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

“आरं, तू व्हॉल्व्हच उचलणार म्हणून तर आईला तिकडं घातली व्हती मी!”