क्षीरसागरांची पाटी

"पाटीवर विनयाचंच नाव का नाही घालत?" सुनेत्राने विचारलं.

जयवंतने पाय थांबवला. त्याबरोबर जुन्या शिलाई मशीनला जोडलेली त्याची बारीक करवतही थांबली. "एकट्या बाईचं नाव दिसलं तर कुलूप आधी तोडतील," तो बायकोला म्हणाला आणि पुन्हा पाय मारू लागला.

वसईत तेव्हा बंद फ्लॅटवाल्यांची झोप उडाली होती. मागच्याच इमारतीत एका फ्लॅटचं कुलूप भरदिवसा तुटलं. आत खाट आली, स्टो आला, चार दांडगी माणसं राहू लागली. मालक कागद घेऊन धावत आला. हवालदाराने शेजाऱ्यांना विचारलं, "इथे कोण राहायचं?" शेजारी बिचारे खरं बोलले, "कोणीच नाही." झालं! ताबा ज्याचा तो घरात आणि मालक कोर्टात.

जयवंतच्या समोरचा बंद फ्लॅट त्याच्या धाकट्या बहिणीचा, विनयाचा होता. नवरा गेल्यावर हाती आलेलं सगळं तिने त्यात घातलं होतं. सावंतवाडीच्या शाळेतून निवृत्त झाली की ती इथेच येणार होती. दुसरं छप्पर तिला नव्हतं. "दादा, तू समोर आहेस म्हणून घेतला हो," असं ती म्हणाली होती. ते आठवलं की जयवंत उठून समोरचं कुलूप ओढून बघायचा.

तेव्हा फ्लॅटमध्ये कोणीतरी राहायला हवं होतं. भाडेकरू ठेवावा तर तोच उठायचा नाही. मग माणूस न ठेवता नुसती पाटी ठेवायची, असं डोकं त्याने चालवलं. सोसायटी अजून झालीच नव्हती. कुठला फ्लॅट कोणाचा, हे बिल्डरशिवाय कोणाला धड ठाऊक नव्हतं.

आडनाव त्याने निवडलं ते करवतीसाठी. बऱ्याच दिवसांपासून त्याला 'क्ष' कापून बघायचा होता. हौशी माणसाचं हे असंच, जीव मुठीत धरून बसला तरी हौस सुटत नाही. सांडोरच्या सुताराकडून आणलेल्या सागवानी फळीवर त्याने नाव रेखाटलं. अक्षराच्या पोटातला भाग काढायचा तर आधी भोक पाडायचं, पातं सोडवून त्यातून ओवायचं, पुन्हा ताणून बसवायचं. दोन पाती तुटली. पण शिरोरेषेला धरून अख्खं नाव एकसंध निघालं. काशीराम क्षीरसागर. खाली बारीक अक्षरांत, मर्चंट नेव्ही.

"बोटीवरचा माणूस," तो सुनेत्राला म्हणाला. "दिसला नाही तर कोण विचारतंय?"

पहिल्यांदा विचारलं ते इमारतीचा पाण्याचा पंप चालवणाऱ्या शत्रुघ्नने. खाडीकडच्या गावातला साधा माणूस. "भाऊ, ह्ये क्षीरसागर कोन? मी कदी पाहिलं नाय."

"अरे, तू भातकापणीला गेला होतास तेव्हा येऊन गेले. देवमाणूस आहे."

शत्रुघ्नला पटलं. समोरच्या गॅलरीत जयवंत स्वतःचा जुना शर्ट वाळत घालायचा, तोही त्याला क्षीरसागरांचा वाटायचा. पुढे पुढे तर दारावर आलेल्या विक्रेत्याला शत्रुघ्नच सांगू लागला, "सायेब बोटीवर हायत."

आणि मग एका रविवारी मोटरसायकलवरून दोघे आले. एकजण अडकित्त्याने सुपारी कातरत पाटीसमोर उभा राहिला. जयवंत दार उघडून बाहेर आला.

"हे क्षीरसागर असतात कुठे?"

"बोटीवर."

"मूळ गाव?"

"वेंगुर्ला," जयवंतच्या तोंडून निघून गेलं.

"घरात कोण कोण?"

"बायको. एक मुलगी."

दोघे गेले. जयवंतने लगेच शत्रुघ्नलाही हीच सगळी माहिती सांगून ठेवली. त्या दिवसापासून जिन्यात पाऊल वाजलं की सुनेत्रा दाराच्या भोकाला डोळा लावायची. महिन्याभराने ते पुन्हा आले. या वेळी त्यांनी खाली शत्रुघ्नला गाठलं. जयवंत वरून कठड्याला धरून ऐकत होता. आता पितळ उघडं पडणार, असं त्याला वाटलं. पण शत्रुघ्नने सगळं छातीठोकपणे सांगितलं. गाव, बोट, बायको, मुलगी. सुपारीवाला हसला. "मग काय प्रश्नच मिटला," म्हणाला आणि मोटरसायकल सुरू झाली.

पुन्हा ते फिरकले नाहीत. जयवंतला इतकं हलकं वाटलं की त्याने वसईगावातल्या होळी बाजारातून शत्रुघ्नसाठी केळ्यांचा फणा आणला.

मे महिन्यात विनया निवृत्त झाली. तिला आणायला नवरा-बायको दोघेही स्टेशनवर गेले. रिक्षातून उतरून, सामान घेऊन तिघं जिना चढली, आणि जयवंतच्या हातातली ट्रंक खाली पडली.

समोरचं दार सताड उघडं होतं. आत कुकरची शिट्टी झाली. एक मुलगी जमिनीवर बसून अभ्यास करत होती.

सुनेत्रा किंचाळत खाली धावली. थोड्याच वेळात ती नाक्यावरचा हवालदार घेऊन आली. मागोमाग शत्रुघ्नही आला. विनया पिशवीतून फ्लॅटचे कागद काढत होती. घाईत पिशवीची चेनच अडकली.

"दादा, कोण आहेत ही माणसं? माझं घर आहे ना हे?"

आतून पांढऱ्या शर्टातला एक पन्नाशीचा गृहस्थ बाहेर आला. त्याच्या मागे सुपारीवाला भिंतीला टेकून उभा होता. गृहस्थाने सगळ्यांना नम्रपणे हात जोडले.

"मी काशीराम क्षीरसागर. मूळचा वेंगुर्ल्याचा. कालच बोटीवरून उतरलो."

हवालदार शत्रुघ्नकडे वळला. "काय रे, हे इथेच राहतात का?"

शत्रुघ्नचा चेहरा आनंदाने फुलला. इतक्या दिवसांनी त्याला माणूस बघायला मिळाला होता.

"व्हय सायेब, जुनेच हायत. जयवंतभाऊंनाच इचारा, त्यांच्याशिवाय त्यांना कोन वळखनार?"