नाव गुप्त ठेवलं आहे

मुली विज्ञान शिक्षणातून का गळतात आणि सरकारी धोरण त्यात कुठे कमी पडतं, हा जितेशच्या पीएच.डी.चा विषय. त्याच्या तोंडी परीक्षेला सोनिवलीहून वडील रघुनाना आणि थोरली बहीण अंजनी आले होते. पेढ्यांचा बॉक्स मांडीवर घेऊन अंजनी मागच्या रांगेत नानांशेजारी बसली. भावाचं तिला भारी कौतुक. आपला बी.एस्सी.ला नंबरच लागला नाही, हे ती हसत सांगायची. पण त्या दिवशी आपण रडू नये म्हणून नानांनी उल्हासनगरहून निळा ड्रेस आणला, हे सांगताना मात्र तिचे डोळे भरून यायचे.

परीक्षकांनी प्रबंधातली एका पालकाची मुलाखत काढली आणि मोठ्याने वाचली.

“थोरलीचा बी.एस्सी.ला नंबर लागलेला. पण धाकट्याला शिकवायचं होतं, दोघांचं जमणारं नव्हतं. मीच घरी येऊन सांगितलं, नाय लागला. येताना उल्हासनगरला उतरून तिला निळा ड्रेस घेतला.”



“कोण हो हे गृहस्थ?” परीक्षकांनी विचारलं.

जितेशने मागच्या रांगेकडे बघायचं टाळलं. “नाव गुप्त ठेवायचं कबूल केलंय, सर.”



अंजनीने पेढ्यांचा बॉक्स नानांच्या मांडीवर ठेवला आणि हळूच विचारलं, “यादीत मी कितवी होते, नाना?”