दीपगृहातल्या बाईचं वाक्य

राचेककाकांनी शेवटचं वाक्य म्हटलं आणि ओल्गेर्डच्या पायाखालची जमीन सरकली. ते वाक्य असलेलं पान अजून काकांच्या हातात गेलंच नव्हतं.

“दिवा विझवू नकोस. मी परत येणार नाही. पण वाट चुकायलाही उजेड लागतो.”

ध्वनिमुद्रणाच्या खोलीच्या काचेपलीकडून तोच सपाट आवाज आला. त्या आवाजावर अख्खं पोलंड लहानाचं मोठं झालं होतं. टीव्हीवर परदेशी चित्रपट लागला की नायक, नायिका, खलनायक, सगळ्यांची पोलिश वाक्यं मूळ आवाजांवरून हा एकटाच माणूस वाचायचा.

व्हिडिओ गेमसाठी त्यांना बोलवायची हौस बोग्नाची, म्हणजे कंपनीच्या मालकीणबाईंची. ओल्गेर्डने नको नको म्हणून पाहिलं होतं. गेमची गोष्ट त्याची. “सिनेमा-टीव्हीवाले एकमेकांचं उष्टं खातात, आमची गोष्ट कोरी करकरीत आहे,” असं त्याने मुलाखतीत ठोकून दिलं होतं. बोग्नाने ते कौतुकाने गेमच्या खोक्यावरही छापलं. आणि गेम खेळून बघायला, चाचणीला आलेल्या सगळ्यांना रडवणारं हे एक वाक्य मात्र त्याने अकराव्या वर्षी पाहिलेल्या चित्रपटातून उचललं होतं. दीपगृहाच्या रखवालदाराची बायको त्याला सोडून जाते, तो प्रसंग. आता कुणाला आठवतोय, असं त्याला वाटलं होतं.

बोग्नाने हातातलं पान हलवलं. “अहो काका, हे तर माझ्याकडेच राहिलंय! मनकवडे आहात की काय?”

काकांनी चष्म्यावरून ओल्गेर्डकडे पाहिलं.

“अंदाज केला,” ते म्हणाले. “चाळीस वर्षं हेच तर करतोय. पोराने छान लिहिलंय हो.”

त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. अशी लाज ओल्गेर्डला उभ्या जन्मात वाटली नव्हती. त्याने माइकचं बटण दाबलं.

“मी नाही लिहिलेलं, काका. चोरलंय. त्या दीपगृहाच्या चित्रपटातून. तुमच्याच तोंडून ऐकलं होतं.”

बोग्नाने हातातलं पान टेबलावर ठेवलं. काकांनी चष्मा काढून पुसला. मग मान खाली घालूनच बोलले.

“चित्रपटात ती बाई बोलतच नाही रे. मुकाट्याने निघून जाते. मला त्या दिवशी माइकसमोर ती शांतता सोसवली नाही. आदल्याच आठवड्यात माझी बायको दारात उभी राहून जे म्हणाली होती, तेच मी कागदावर असल्यासारखं वाचून टाकलं.”