कुणाकडेही जाणारी पोर

बँकॉकच्या त्या हॉटेलात सगळे पिमवर खूश होते. दोन वर्षांची पोर, ब्रॉन्विन आणि डॅरल या जोडप्याने दत्तक घेऊन अनाथाश्रमातून आणल्याला पाच दिवसही झाले नव्हते, पण रडणं नाही की हट्ट नाही. जेवण वाढणाऱ्या मुलीने हात पसरले की तिच्याकडे, लिफ्टवाल्याने पसरले की त्याच्याकडे. "नशीब काढलंस गं," ऑस्ट्रेलियातल्या होबार्टहून ब्रॉन्विनच्या सासूबाई फोनवर म्हणाल्या.

ब्रॉन्विनला मात्र हे खटकायचं. "डॅरल, आपल्याकडेही ती तशीच येते रे. कुणाकडेही जाते तशी."

"उगाच काहीतरी डोक्यात घेऊ नकोस."

सहाव्या दिवशी व्हिसासाठी तपासणी होती. नर्सने हसत पिमला उचललं आणि आतल्या खोलीकडे निघाली. दारापाशी पिमने मागे वळून पाहिलं, ओठ काढले आणि असा टाहो फोडला की अख्खा दवाखाना दचकला. दोन्ही हात ब्रॉन्विनच्या दिशेने.

"सॉरी, सॉरी," म्हणत नर्स ओशाळून परत आली.

"एरवी नाही हो अशी करत ती," डॅरलही गडबडला. "ब्रॉन, गप्प कर ना तिला."

पोरीला गळ्याशी घट्ट धरून ब्रॉन्विन म्हणाली, "रडू दे. आज पहिल्यांदा तिला कुणीतरी परकं वाटलंय."