तोंडातला बर्फ

केमोने आईचं तोंड आतून सोलून निघालं होतं, म्हणून लेक तिला बर्फाचे खडे चोखायला देत होती. अंगावर लाह्या फुटतील असा ताप. “केमोनंतर ताप आला की धावत या,” असं रुग्णालयाच्या याच तातडीच्या कक्षाने बजावलेलं, म्हणून ती आईला घेऊन आली होती. दाराशी नर्सने जिभेखाली थर्मामीटर धरला. “ताप नाही. रांगेत बसा.” “अहो, तोंडात बर्फ होता तिच्या!” “ताई, थर्मामीटर खोटं बोलत नाही.” “असू दे गं,” आई पुटपुटली, “त्यांना कशाला त्रास?” आयुष्यभराचं हे पालुपद ऐकून लेकीच्या मस्तकात तिडीक गेली. तिने बर्फाचा पेला टेबलावर आदळला, नर्सचा हात धरला आणि आईच्या मानेवर टेकवला. “आता बोला!” नर्सने चटका बसल्यासारखा हात काढला. “आधी यांना घ्या!” ती आत ओरडली. “बर्फ सांडलाय, पूस आधी,” आई म्हणाली. लेकीने पुसला नाही.