राहिलेला फर्मा

"रद्दीत घाला हे पुस्तक!" हेडसर गरजले, आणि शेजारच्या खोलीत काकूंच्या हातातला खळीचा ब्रश पुठ्ठा सोडून थेट टेबलावर फिरला.

काकू म्हणजे ग्रंथालयाच्या बाइंडर. फाटकी पुस्तकं उसवायची, शिवायची, पुठ्ठा चढवायचा, बावीस वर्षं हेच काम. मधलं दार उघडंच होतं. पलीकडे वाचकांची बैठक भरली होती. बैठक कसली, आखाडाच! साडेनऊशे पानांची एक जुनी, नावाजलेली कादंबरी चार महिने आळीपाळीने वाचून झाली होती आणि आज निकाल होता. कपाटात ठेवायची, की बाद करायची?

"तीनशे पानं हा बाबा नुसता खिडकीत बसून विचार करतो! अरे, ऊठ की लेका!" हेडसर निवृत्त मुख्याध्यापक, पण आवाज अजून मैदानावरचाच. "आयुष्य म्हणजे काय, दुःख म्हणजे काय! याला विचारलंय कुणी?"

"तुम्हाला घाई, त्याला लेखक काय करणार?" औषधाच्या दुकानाचे मालक भाऊ चवताळून उठले. "मी ओळ न् ओळ घोटून वाचलीय. एक शब्द काढायला जागा नाही. इतकं बांधीव पुस्तक पुन्हा होणे नाही!"

निम्मी खोली हेडसरांकडे, निम्मी भाऊंकडे. मध्ये ग्रंथपालबाई कपाळ चोळत बसलेल्या.

काकूंची नजर मात्र दारातून टेबलावरच्या पुस्तकाकडे गेली. हेडसर तावातावाने हात आपटत होते तो लाल कण्याच्या प्रतीवर. त्या कादंबरीच्या इथे दोनच प्रती, एक निळी, एक लाल. लाल प्रत काकूंनी बांधलेली. आणि तिच्यातला एक फर्मा, म्हणजे सोळा पानांची एक घडी, सहा वर्षं काकूंच्या ड्रॉवरमध्ये पडून होती.

चुकून राहिली म्हणावं, तर तेही खोटं. त्या वर्षी काकूंचा मुलगा भांडून, दार आपटून घरातून गेला होता. ना पत्र, ना फोन. काकू कधी पुस्तकं वाचायच्या नाहीत. शिवणारीच वाचत बसली तर कामं उरकायची कधी? पण ती प्रत उसवताना त्या घडीवर नजर पडली आणि हलेचना. त्यात एक म्हातारी होती. तिचा मुलगा रागाने निघून गेलेला. तो खिडकीतला विचारवंत तिला विचारतो, तुम्ही जगता कशा? म्हातारी पानंच्या पानं बोलते आणि शेवटी म्हणते, दार नुसतं लोटून घेते, कडी लावत नाही.

काकूंनी ते उभ्या उभ्या वाचलं. अजून एकदा वाचू आणि मग शिवू, म्हणाल्या. तेवढ्यात पुस्तकाची मागणी आली. बाकीचं शिवून त्यांनी देऊन टाकलं. मग उद्या, परवा करता करता सहा वर्षं गेली. रोज काम सुरू करण्याआधी ती पानं वाचायची सवय लागली होती. खरं सांगायचं तर त्या पानांवरच बाई तगली होती.

'हेडसरांना पुस्तक कोरडं वाटणारच,' काकूंच्या मनात आलं. 'त्यातलं काळीजच मी काढून ठेवलंय.' आता सांगावं, तर पानं जाणार आणि बावीस वर्षांचं नावही. गप्प बसावं, तर आपल्या पापापायी चांगलं पुस्तक रद्दीत. त्या खुर्चीतून उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. मग फडक्याला हात पुसले, ड्रॉवरमधून ती घडी काढली आणि थेट पलीकडे गेल्या.

"सर, दोष पुस्तकाचा नाही, माझा आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या प्रतीतली ही पानं मीच काढून ठेवली होती. एवढी वाचा, मग हवं ते ठरवा."

हेडसरांनी घडी हातात घेतली. पहिली ओळ वाचली आणि ते थांबले.

"ही लाल प्रत भाऊंनी वाचलीय," ते सावकाश म्हणाले. "मी निळी वाचलीय. तिच्यात ही पानं आहेत."

सगळ्या माना भाऊंकडे वळल्या.

"म्हणजे... माझ्या प्रतीत नव्हती?" भाऊ मटकन खाली बसले. "मध्येच वाक्य तुटलं होतं खरं. मला वाटलं, शैली असेल लेखकाची!"

खोलीत हशा पिकला. ग्रंथपालबाईंनीही तोंडाला रुमाल लावला. हेडसर तेवढे हसले नाहीत. ती घडी त्यांनी परत काकूंच्या हातात ठेवली, चटका बसल्यासारखी.

"ही पानं वाचली ना, त्या दिवसापासून हे पुस्तक मला डोळ्यांसमोर नको झालंय," ते म्हणाले. "बाविसाव्या वर्षी मी भांडून घर सोडलं, काकू. आई अजून आहे, धाकट्याकडे असते. चाळीस वर्षं झाली. मी गेलो नाही."

हेडसरांचा आवाज इतका खाली आलेला कुणीच कधी ऐकला नव्हता.

"पुस्तकवाले काय, काहीही लिहितात. खरी आई राहते का हो इतकी वर्षं कडी न लावता?"

"राहते. मी राहतेय ना!" काकू म्हणाल्या. पानं त्यांनी छातीशी घट्ट धरली होती. "पण सर, आता तुम्ही मला खरं सांगा. पोरगा दारापर्यंत येतो का?"