कागद न मागता

कुंदा गेली त्या सकाळी मी अमेरिकेत मृणालला फोन केला. लेक खूप रडली. मग म्हणाली, "बाबा, मला निघता येत नाही. भारतात आले की परत जायला व्हिसाचा नवा शिक्का लागतो. त्याच्या मुलाखतीची तारीखच मिळत नाहीये. अडकले तर नोकरी जाईल." मी म्हणालो, नको येऊस.

व्हिसावरून मृणाल चिडली की कुंदाच तिला समजवायची. "अगं, मी तरी गॅसवाल्याला ओळखपत्र बघितल्याशिवाय आत घेते का? त्यांचं घर आहे, ते विचारणारच."

दहाव्याला माहुलीच्या घाटावर कावळा पिंडाला शिवेना. गोळ्या वेळेवर घेईन, असं मी कुंदाला सांगितलं. तिच्या तुळशीला पाणी घालीन म्हणालो. कावळे झाडावरच बसून राहिले. शेवटी मेहुणा म्हणाला, "दाजी, ताईचा जीव लेकीत अडकलाय. लावा तिला फोन."

मी मोबाइल पिंडाजवळ धरला.

"आई, दिवाळीला नक्की येते गं," मृणाल म्हणाली.

लगेच कावळा शिवला. मेहुणा डोळे पुसत हसला, "बघा, ताईनं एकही कागद मागितला नाही!"

दिवाळी होऊन गेली. व्हिसावाल्यांनी विचारणं चूक आहे असं मी म्हणत नाही. कुंदाही विचारायची. पण विचारून झालं की ती दार उघडायची.

मृणालला मुलाखतीची तारीख अजून मिळालेली नाही.